कोकणात राहून परागाची ॲलर्जी सांभाळायची कशी, आणि घरातली भांडणं टाळायची कशी

हे ज्यांना वर्षातून एकदा-दोनदा साधी सर्दी होते त्यांच्यासाठी नाहीये. पाऊस ओसरायला लागला की ज्यांना सकाळी डोळे उघडायच्या आधी ओळीने शिंका सुरू होतात, नाकातून नुसतं पाणी, टाळूला आतून खाज येते आणि ती जिभेने खाजवताना घशातून विचित्र आवाज निघतो, डोळे चोळून चोळून लाल, आणि हे सगळं भातकापणी संपून थंडी पडेपर्यंत चालतं, त्यांच्यासाठी आहे. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी आहे, कारण नाक एकाचं गळतं पण झोप, कामं आणि डोकं सगळ्या घराचं बिघडतं.

नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो, खिडक्या बंद ठेवा आणि एसी लावा. आता आमच्यासारख्या कौलारू घरात खिडक्या बंद करून काय होणार, कौलांच्या फटीतून आभाळ दिसतं तिथून परागही येतोच, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात लाईट गेलेली असताना खिडकी बंद करून बसायला सांगणाऱ्याने एकदा कुडाळला येऊन बसून दाखवावं. त्यामुळे इथल्या घराला, इथल्या वाऱ्याला आणि इथल्या सणांना धरून जे जमतं तेवढंच सांगते.

आधी नक्की कशाने होतंय ते बघा

आपल्याकडे सगळं खापर आंब्याच्या मोहोरावर फोडतात. पण मोहोराचा पराग जड आणि चिकट असतो, तो माश्या आणि बाकी किडे पायाला लावून नेतात, वाऱ्यावर लांब जात नाही. बागेत दिवसभर मोहोराखाली काम करणाऱ्याला त्रास होऊ शकतो, नाही असं नाही, पण घरात बसलेल्या माणसाला जानेवारीत शिंका येत असतील तर त्यात मोहोराच्या उग्र वासाचा, बागेत मारलेल्या फवारणीचा, सकाळच्या गारव्याचा आणि पुढे होणाऱ्या पालापाचोळा जाळण्याच्या धुराचा वाटा मोठा असतो. ती ॲलर्जी नसून नाकाची चुरचूर असते आणि तिला ॲलर्जीची गोळी फारशी लागूही पडत नाही.

खरा त्रास देणारा पराग हलका, कोरडा आणि वाऱ्यावर जाणारा. त्यात पहिला नंबर गवताचा. पावसात वाढलेलं सगळं रानगवत सप्टेंबर-ऑक्टोबरला तुऱ्यावर येतं, बांधावर, सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, रस्त्याच्या कडेला, सगळीकडे एकदमच. भातही गवताच्याच कुळातलं, त्याची फुलं सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला थोडा वेळच उमलतात, म्हणून घर शेताला लागून असेल तर तेवढा वेळ जपा. मग कापणी आणि झोडणी, तेव्हा पराग कमी आणि तूस, धूळ, बुरशीचे कण जास्त उडतात. नारळाला साधारण महिन्याला एक नवी पोय, म्हणजे फुलोरा, येते त्यामुळे त्याचा पराग बारमाही थोडा थोडा असतोच, आणि किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला जी सुरूची बनं लावली आहेत ती झाडंही वाऱ्यावरच पराग सोडतात. ज्यांना भर पावसात जास्त होतं, गाद्या-उशांजवळ गेलं की शिंका येतात, त्यांना बहुतेक परागाची नसून बुरशीची किंवा धुळीतल्या बारीक किड्यांची ॲलर्जी असते, आपल्या दमट हवेत हे दोघे मजेत राहतात. पुष्कळांना दोन्ही असतात.

म्हणून एक साधं काम करा. कॅलेंडरवरच रोज एक खूण करायची, आज त्रास किती, शून्य ते तीन, आणि बाजूला एक शब्द, गवत काढलं, झाडलोट, सड्यावर गेले, पाऊस, धूप. दूधवाल्याचा हिशोब लिहितो तिथेच लिहायचं. एक सीझन लिहिलं की डॉक्टरला सांगायला ठोस काहीतरी असतं, नाहीतर आपण जाऊन म्हणतो "नेहमीच होतं हो" आणि तो एक सर्दीची गोळी लिहून मोकळा.

आणि हे विसरू नका, ॲलर्जीत ताप येत नाही. ताप, अंग मोडून येणं, पोटऱ्या दुखणं आणि त्याआधी शेतात चिखलात काम केलेलं असेल तर ते लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असू शकतं, दोडामार्ग वगैरे भागात तर २०१६ पासून गोचिडीतून येणारा माकडतापही आहे. तेव्हा "दरवर्षीचंच आहे हिचं" म्हणून घरी बसू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. एकाच नाकपुडीतून सतत घाण किंवा रक्त येत असेल तर तेही ॲलर्जीचं लक्षण नाही, कान-नाक-घसावाल्याकडे जा.

औषध शिंका यायच्या आधी

सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि सगळ्यात जास्त लोक इथेच टाळाटाळ करतात. शरीराने परागाला उगाच शत्रू ठरवलेलं असतं, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात, पराग नाकात शिरला की तिथल्या पेशी फुटून हिस्टामीन सोडतात आणि मग शिंका, पाणी, खाज. गोळी त्या हिस्टामीनला अडवते. पण नाक चोंदणं, आतली सूज, ही गोळीने नीट जात नाही, त्याला नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे लागतो, फ्लुटिकासोन, मोमेटासोन असली नावं. हा स्प्रे मारला की लगेच मोकळं वाटत नाही, पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून लोक तीन दिवस मारून "काय उपयोग नाय" म्हणून ठेवून देतात. तुमचा त्रास ऑक्टोबरच्या सुरुवातीला होत असेल तर गणपती आटोपले की डॉक्टरला विचारून स्प्रे सुरू करा आणि सीझन संपेपर्यंत रोज मारा, बरं वाटलं तरी मारा.

मारायची पद्धत बघा. मान जराशी पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, स्प्रेचं तोंड कानाच्या दिशेला, मधल्या पडद्यावर नाही. पडद्यावर रोज फवारा बसला की नाकातून रक्त येतं आणि मग सासूबाई म्हणतात बघ सांगितलं होतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, ओढलं की औषध नाकात न राहता घशात जातं आणि कडू लागतं.

स्टिरॉइड शब्दाला घाबरतात सगळे, पण गंमत अशी की स्प्रेला घाबरणारी तीच माणसं "एक इंजेक्शन मारलं की अख्खा सीझन सुखाचा" म्हणून कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन लांबवर टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन येतात. स्प्रेतला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि बहुतेक नाकापुरताच राहतो. ते इंजेक्शन अख्ख्या अंगात आठवडेच्या आठवडे राहतं, साखर वाढवतं, दरवर्षी घेत राहिलं तर हाडांवरही परिणाम होतो. घरात डायबेटिसवाला असेल आणि तो असलं काही घेऊन आला तर भांडा, हे भांडण करण्यासारखं आहे.

गोळ्यांचं थोडक्यात. जुन्या गोळ्या, एव्हिल किंवा सर्दीच्या मिक्स गोळीत असते ती क्लोरफेनिरामाइन, यांनी गुंगी येते, त्या खाऊन बाईक चालवू नका आणि कोयता-विळा घेऊन गवत कापायला तर अजिबात जाऊ नका. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिनने काहींना झोप येते काहींना नाही, रात्री घ्यायची. संध्याकाळी "बसणाऱ्यांनी" लक्षात ठेवा, दारूबरोबर गुंगी वाढते. फेक्सोफेनाडिनने झोप फारशी येत नाही पण ती फळांच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, पाण्याबरोबर घ्या. बिलास्टिन उपाशीपोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवल्यावर दोन तासांनी. यातल्या बऱ्याच गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्तात मिळतात. मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून देतात, ती घेताना कोणाला भयानक स्वप्नं पडायला लागली, चिडचिड किंवा उदासी वाढली, मूल अचानक विचित्र वागायला लागलं, तर डॉक्टरला लगेच सांगा, अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये या औषधावर याचसाठी कडक इशारा छापायला लावला.

नाक मोकळं करायचे थेंब, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन वगैरे, दोन मिनिटात मोकळं करतात म्हणून सवय लागते. तीन ते पाच दिवसांच्या वर नाही. पुढे गेलात की थेंब उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग परत थेंब, आणि अशी उशाशी बाटली घेऊन वर्षानुवर्षं झोपणारी माणसं प्रत्येक वाडीत एक तरी आहेत.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आपली जलनेती, हे मात्र मनापासून सांगते करा. साधारण २४० मिली पाण्याला पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळलेलंच हवं, चांगली खळखळून उकळी आणून कोमट केलेलं. विहिरीचं कच्चं पाणी, मग विहीर कितीही गोडी असो, नाकात घालायचं नाही, मेंदूत जाणारा अमिबा हा गप्पांमधला विषय राहिलेला नाही, केरळात त्याने माणसं गेलीत. आधी नाक धुवायचं आणि मग थोड्या वेळाने स्प्रे, उलटं केलं तर औषध धुवून जाईल. नाकात तेल-तूप ओतण्यापेक्षा नाकपुडीच्या कडेला आतून बोटाने व्हॅसलीन किंवा तूप पुसटसं लावा, बाहेर जाताना थोडा पराग तिथेच चिकटतो. हळदीचं दूध, काढा, बरं वाटत असेल तर प्या, घशाला छान वाटतं, पण त्याच्यावर विसंबून स्प्रे बंद करू नका.

डोळ्यांना गार पाण्याची पट्टी आणि डॉक्टरने दिलेले ॲलर्जीचेच थेंब. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडचे डोळ्यांचे थेंब आपल्या मनाने आणू नका, काचबिंदू-मोतीबिंदू ओढवून घ्याल.

घर आणि वारा

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे कामाला येतं. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणजे सडा, शेतं, गवत यावरून येतो. दिवस वर आला की उलटा फिरतो आणि समुद्राकडून येतो, त्यात पराग कमी. म्हणून सीझनमध्ये पूर्वेकडच्या खिडक्या रात्रभर आणि सकाळी बंद, दुपारनंतर पश्चिमेकडच्या उघडायच्या. तुमच्या पश्चिमेला लगेच सुरूबन किंवा भातशेत असेल तर याचा उपयोग नाही, तेव्हा आपलं घर बघून ठरवा.

अख्खं घर शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका, एक खोली धरा, जिथे ॲलर्जीवाला झोपतो ती. कौलाखाली त्या एका खोलीपुरतं छत करून घ्या, जाड ताडपत्री किंवा कापड ताणून बांधलं तरी चालतं फक्त ते महिन्यातून पुसता यायला हवं. खिडकीला बारीक जाळी. त्या खोलीत धान्याची पोती, जुन्या वह्या, सुकायला ठेवलेल्या सुपाऱ्या काही नाही. केरसुणीने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात, हाताला सोसत नाही इतक्या गरम, साधारण ६० अंश, तेव्हाच धुळीतले किडे मरतात. एसी असेल तर त्याची जाळी सीझनआधी आणि मधे मधे धुवा.

आणि कपडे. खळ्यात, म्हणजे अंगणात, दोरीवर सुकलेले कपडे म्हणजे त्यावर सकाळभराचा पराग, तेवढे दोन महिने निदान ॲलर्जीवाल्याचे कपडे आणि सगळ्यांच्या चादरी पडवीत आतल्या बाजूला सुकवा. शेतातून किंवा गवतातून आलेल्या माणसाने बाहेरच्या न्हाणीत कपडे बदलूनच आत यायचं, आणि झोपायच्या आधी अंघोळ, केसांसकट, कारण केसातला पराग रात्रभर उशीवर झडतो. बाईला रोज रात्री केस धुणं शक्य नसतं हे मला माहित आहे, मग निदान बाहेर जाताना केस पूर्ण बांधून वरून ओढणी किंवा रुमाल, आणि रात्री उशीवर धुतलेला पातळ पंचा, तो रोज बदलायचा. मास्क साधा असला तरी परागाला चालतो कारण परागकण मोठे असतात. झोडणीच्या वेळी मात्र एन-९५च लावा, बुरशीचे कण फार बारीक.

माणसं

आता अवघड भाग. गावाकडे ही ॲलर्जी कामाच्या नेमक्या दिवसात येते हेच तिचं दुर्दैव. कापणी, झोडणी, चावदिसाची म्हणजे नरकचतुर्दशीची साफसफाई, फराळ, चाकरमानी येणार, आणि त्यातच घरातली एक बाई नाक धरून बसलेली. "काम करूचा नसला काय हिका शिंको येतत" हे वाक्य ज्या सुनेने ऐकलं नाही ती नशीबवान. आणि सासूचंही पूर्ण चुकत नाही हो, तिने आयुष्यभर तशाच शिंका देत भात झोडलंय, तिला कोणी गोळी आणून दिली नव्हती.

याच्यावर वाद त्या दिवशी घालायचा नाही. आधी बसून कामं वाटून घ्यायची, सप्टेंबरमध्ये, नाक ठीक असताना. काम कमी मागू नका, काम बदलून मागा, हे ऐकलं जातं. झोडणी, पेंढा रचणं, जाळी-जळमटं काढणं, गाद्या झटकणं हे दुसऱ्याने करायचं, त्याबदल्यात स्वयंपाक, फराळ, बाजारहाट, मजुरांचा चहा-हिशोब हे ॲलर्जीवाल्याकडे. नवऱ्याला ॲलर्जी असेल तर त्यालाही हाच नियम, गवत काढायला माणूस लावा आणि त्या दिवशी त्याने डाळीला फोडणी घालावी, काही बिघडत नाही. साफसफाई चालू असताना ॲलर्जीवाल्याने घरातच थांबू नये, शेजारी जावं, आणि झाडून झाल्यावर धूळ खाली बसायला तासभर तरी द्यावा.

धूप-अगरबत्तीचा विषय नाजूक असतो. बंद करा म्हटलंत तर ते देवावर जातं. "अगरबत्ती तुळशीकडे लावूया आणि देवाकडे निरांजन" असं म्हटलं तर बहुतेक म्हातारी माणसं ऐकतात. मच्छर कॉइलच्या ऐवजी मच्छरदाणी, ती पण धुवत जा. धूर ही ॲलर्जी नव्हे पण सुजलेल्या नाकाला तो दुप्पट लागतो.

झोपेचं बोलायला लोक लाजतात. नाक चोंदलेला माणूस तोंडाने श्वास घेतो, घोरतो, चार वेळा उठतो, आणि बाजूचा माणूस पण जागा. दोघे अर्धवट झोपलेले आणि सकाळी चहात साखर कमी म्हणून भांडण. डोक्याखाली जादा उशी, कुशीवर झोप, झोपायच्या आधी नाक धुणं, एवढं करूनही होत नसेल तर तेवढे आठवडे वेगळं झोपा, पण आधी बोलून. न बोलता उशी घेऊन माजघरात जाणं वेगळं आणि "तुझीही झोप होऊ दे" म्हणून जाणं वेगळं. आणि ॲलर्जीवाल्यांनो, आपण त्या दिवसात किती कुरकुरे होतो ते आपल्याला दिसत नाही, बाकीच्यांना दिसतं, तेव्हा सकाळी शिंका थांबेपर्यंत महत्त्वाचं काही बोलायला काढू नका.

मुलांची सहामाही नेमकी ऑक्टोबरच्या आसपास येते. गुंगी आणणारी गोळी खाऊन मूल पेपरला बसतं आणि मग लक्ष नाही, अभ्यास नाही म्हणून आपण ओरडतो. गुंगी न आणणारी गोळी लिहून मागा, आणि नवी गोळी पेपरच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. नाक सारखं तळहाताने वर चोळणारं, डोळ्याखाली काळं पडलेलं, तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल दिसलं तर ते "सर्दीचं बाळ" नसून ॲलर्जीचं असण्याची शक्यता जास्त, दाखवून घ्या. मुलांना वाफ देताना पातेलं उलटून भाजतात, नकोच ते.

छाती

नाकाची ॲलर्जी असणाऱ्या बऱ्याच जणांना दमाही असतो आणि तो ओळखलेलाच नसतो. रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत शिटी, चढण चढताना छाती आवळणं, हे असेल तर तपासा. इनहेलरची सवय लागते ही भीती चुकीची आहे, त्यातलं औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी असतं आणि थेट छातीत जातं. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, इनहेलरने फरक नाही, तर १०८ ला फोन, रात्र आहे, रिक्षा मिळेल का, हा विचार करत बसायचं नाही.

परतीच्या पावसात दुपारनंतर विजांचं वादळ येतं आणि तेव्हाच गवत तुऱ्यावर असतं. मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ ला अशाच वादळात गवताचा पराग फुटून बारीक झाला, छातीत खोलवर गेला, हजारो माणसं हॉस्पिटलात आली आणि दहा जण गेले. ज्यांना गवताची ॲलर्जी आणि दमा दोन्ही आहे त्यांनी ढग गडगडायला लागले की आत यावं, खिडक्या लावाव्या, आणि इनहेलर हाताशी ठेवावा. विजेसाठी आत यायचंच असतं.

टेस्ट आणि लस

दोन-तीन सीझन नीट स्प्रे मारूनही जमत नसेल तरच याच्या मागे लागा. त्वचेवर टोचून करायची टेस्ट पंधरा-वीस मिनिटात कळते, पण त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळं निगेटिव्ह येतं आणि रत्नागिरी-कोल्हापूरची खेप फुकट. गोळी बंद करता येत नसेल तर रक्ताची आयजीई टेस्ट. केसांवरून ॲलर्जी सांगणारे, दोनशे खाण्याच्या पदार्थांची यादी हातात देणारे, यांच्यावर पैसे घालवू नका, परागाचा त्रास असताना मासे सोडायला सांगितलेली माणसं मी बघितली आहेत, कोकणात राहून.

ॲलर्जीची लस म्हणजे तोच पराग अगदी थोड्या डोसपासून वाढवत शरीराला सवय लावणं, लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागावरच ती पहिल्यांदा करून बघितली. तीन ते पाच वर्षं चालते. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं, कारण क्वचित मोठी रिॲक्शन येते, आणि घाई आहे म्हणून सोडणारा दवाखाना असेल तर तिथे घेऊच नका. जिभेखाली घ्यायचे थेंब हा दुसरा प्रकार, खेपा वाचतात. दमा ताब्यात नसेल तर आधी तो ताब्यात आणावा लागतो. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. आणि जायच्या आधी घरात एकदा बसून हिशोब करा, एवढी वर्षं एवढ्या खेपा, सोबत कोण जाणार, कापणीच्या दिवसात डोस आला तर गाडी कोण नेणार, कारण लस अर्धवट सोडणाऱ्यांपैकी बरेच जण याच कारणांनी सोडतात.